आयडिया चांगली आहे, पण आज त्याचे पैसे कोण देतंय?

या वेळी तुमच्या धंद्याच्या आयडियांवरचे चार प्रश्न घेतलेत. एकाचं उत्तर बरंच लांबलंय, कारण तो प्रश्न वाचल्यावर मला दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

प्रश्न : मी रोज डोंबिवलीहून दादरला येतो. लोकलच्या कुठल्या डब्यात गर्दी कमी आहे हे सांगणारं ॲप बनवायचंय. फंडिंग मिळेल का?

त्रास शंभर टक्के खरा आहे. पण सकाळी साडेआठला डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून सांगा, चौथ्या डब्यात गर्दी कमी आहे हे कळलं तरी तिथपर्यंत पोचणार कसे? लोक गर्दी टाळायला पैसे देतात, फर्स्ट क्लासचा पास काढतात, 2017 च्या डिसेंबरात एसी लोकल आली तर तिचं महागडं तिकीटही काढतात, पण ते पैसे जागेचे आणि गारव्याचे असतात, माहितीचे नाहीत. माहिती एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवर फुकट मिळायची सवय मुंबईला कधीचीच लागलीय. म्हणून मी यात पैसे घालणार नाही. त्यापेक्षा घर ते स्टेशन या टप्प्यात तुमचे आणि शेजाऱ्यांचे महिन्याला किती जातात ते लिहून काढा, तिथे लोक रोज खिशात हात घालतात.

प्रश्न : इन्व्हेस्टरला आयडिया सांगितली आणि त्याने चोरली तर? आधी एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही घेऊ का? (बोरिवली)

पहिल्या मीटिंगला कुणी सही करत नाही, आग्रह धरलात तर मीटिंगच होणार नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो आणि नुसत्या सॉफ्टवेअरला आपल्या पेटंट कायद्याच्या कलम 3(के) मुळे पेटंट मिळत नाही. खरंच नवीन यंत्र असेल तर दाखवायच्या आधी पेटंटचा अर्ज टाका, मान्यताप्राप्त स्टार्टअपला फीमध्ये 80 टक्के सूट आहे.

प्रश्न : आई भाऊच्या धक्क्यावरून म्हावरं घेऊन चेंबूरला विकते. दुपारपर्यंत बर्फ वितळतो आणि उरलेला माल निम्म्या भावाने द्यावा लागतो. बॅटरीवर चालणारा छोटा फ्रीज बनवावा असं वाटतं. मी डिप्लोमा मेकॅनिकल आहे.

ताई, अशा प्रश्नासाठीच मी हे सदर लिहितो. तुमच्या आईचं नुकसान रोजचं आहे आणि ते रुपयांत मोजता येतं, यापेक्षा चांगली सुरुवात नसते.

फक्त बॅटरीचा हट्ट सोडा. मी पहाटे धक्क्यावर गेलोय, लिलाव आटपला की बायका थर्माकोलच्या खोक्यात एक थर बर्फ एक थर मासळी असं भरतात, वरून गोणपाट टाकतात आणि डॉकयार्ड रोडला येऊन हार्बरच्या मालडब्यात चढतात. त्या गडबडीत खोका आपटतो, कोपरा तुटतो, तिथून गार हवा जाते आणि खाली साचलेल्या पाण्यात खालचा थर मऊ पडतो. आता बघा, वितळणारा बर्फ मासळीला शून्य अंशाच्या आसपास धरतो आणि ओलीही ठेवतो, म्हणजे बर्फ त्याचं काम चोख करतोय, कमी पडतोय तो खोका. त्यात बॅटरी घातली तर वजन वाढणार, किंमत वाढणार, आणि खारं पाणी वायरिंगला सोडणार नाही.

म्हणून पफ (गारवा धरून ठेवणारा फोम) भरलेली, दोघींना उचलता येईल अशी पेटी करा, तळाला जाळी आणि पाणी सोडायला बूच, झाकण अर्धंच उघडेल असं, कारण गिऱ्हाईक आलं की दरवेळी सगळं झाकण उघडतं आणि अर्धा बर्फ तिथेच जातो. मोठ्या पेट्या बोटींवर असतातच, मालडब्यात मावेल अशी हवी आहे. पहिली पेटी आईलाच द्या आणि महिनाभर वहीत तीनच आकडे लिहा, बर्फाचे पैसे, उरलेला माल आणि तो किती भावाने गेला. मग मार्केटमधल्या आणखी दहाजणींना पेटी रोजच्या भाड्याने द्या, विकू नका, हप्त्यापेक्षा रोजचं भाडं त्यांच्या धंद्याला जुळतं.

पैशांचं म्हणाल तर ही वही घेऊन पवईला आयआयटीच्या साइन इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या कंपन्यांना उभं राहायला मदत करणाऱ्या केंद्रात, जा, तो 2004 पासून आहे. 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत प्रोटोटाइपला (पहिल्या नमुन्याला) इन्क्युबेटरमार्फत 20 लाखांपर्यंतची मदत ठेवलीय, कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको आणि डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग विभागाची) मान्यता हवी, सध्या अर्ज घेतायत का ते तिथेच विचारा. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत महिलांना 60 टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलेलं, ती सध्या सुरू आहे का आणि तुमची पेटी त्यात बसते का ते मच्छीमार सोसायटीला विचारून घ्या. आणि मला वहीची पहिली चार पानं पाठवा, मी खरंच वाट बघतोय.

प्रश्न : सोसायट्यांच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचा स्टार्टअप सुरू करतोय. बाबा रिटायरमेंटचे 12 लाख द्यायला तयार आहेत. घेऊ का? (मुलुंड)

घेऊ नका. धंदा चांगला आहे, रोज 100 किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा हा महापालिकेचा आग्रह 2017 पासूनचा आहे, म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे. पण सोसायटीत मशीन घेतलेलं असतं आणि सहा महिन्यांनी ते ताडपत्रीखाली पडलेलं असतं, कारण वास आला की तळमजल्यावाले भांडतात आणि रोज ते ढवळणारा माणूस कुणाचा हे ठरलेलं नसतं. तुम्ही मशीन विकू नका, तो माणूस द्या, महिन्याच्या बिलावर. तीन सोसायट्यांकडून कमिटीचा ठराव आणि दोन महिन्यांचा ॲडव्हान्स घ्या, त्यावर सुरुवात होते, पुढे कमी पडले तर मुद्राचं कर्ज आहे, किशोर गटात 5 लाखांपर्यंत मिळतं.

बाबांना मात्र रविवारच्या कमिटी मीटिंगला सोबत न्या. सेक्रेटरी बहुतेक त्यांच्याच वयाचे असतात, आणि वासाची तक्रार आली तर फोन कुणाला करायचा हा त्यांचा पहिला प्रश्न असेल, तिथे बाबांनी स्वतःचा नंबर दिला की ठराव लवकर होतो.