दारू सोडलेल्या भावाची रात्रीची घालमेल सुगंधी तेलाने कमी होईल का? (सोलापूर)

थोडीफार, हो. तलफ त्याने सुटत नाही, पण जीव जरा निवतो. लव्हेंडर तेलाचे २-३ थेंब रुमालावर टाकून उशाशी ठेवा. अंगाला लावायचं तर चमचाभर खोबरेल तेलात १-२ थेंब मिसळूनच. पोटात अजिबात नको; कापूर किंवा निलगिरी तेल पोटात गेलं तर फिटसुद्धा येऊ शकते. सेंटचे स्प्रे टाळा, त्यात अल्कोहोल असतं आणि त्या वासानेच एखाद्याला आठवण होते. मला विचाराल तर सिद्धेश्वर तलावाकाठची संध्याकाळची फेरी जास्त गुणाची.

मात्र दारू बंद करून दोन-तीनच दिवस झाले असतील आणि हात थरथरत असतील, भास होत असतील, तर तेल-बिल राहू द्या. रात्र असली तरी लगेच सिव्हिलला न्या. एरवी बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.