मंद झालेला घरचा संगणक : आधी बॅकअप, मग निदान, सॉफ्टवेअर सर्वांत शेवटी

आपण दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा असून त्यात विंडोज १० आहे. तो सुरू होऊन वापरण्याजोगा होईपर्यंत सात-आठ मिनिटे जातात. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘संगणकात व्हायरस सापडला आहे’ अशा सूचना दिवसभर येत असतात आणि त्यावर उपाय म्हणून आपण साफसफाईची तीन सॉफ्टवेअर आणि दोन अँटिव्हायरस बसवले आहेत. घरातले सगळे फोटो आणि महत्त्वाची कागदपत्रे याच एका यंत्रावर आहेत. यापुढे आणखी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे, की यंत्र नेमके कशामुळे अडते आहे हे कळेपर्यंत नवीन काहीही बसवू नये. आणि ते शोधायला बसण्याआधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे सुरक्षित पोहोचवावीत.

बॅकअपपासून सुरुवात करायला सांगतो, कारण आपण सांगितलेली लक्षणे खराब होत चाललेल्या हार्ड डिस्कचीही असू शकतात. अशा डिस्कवर साफसफाई, दुरुस्ती किंवा डिफ्रॅगमेंट (विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र लावणे) चालवले, तर तिच्यावरचा ताण वाढतो आणि उरलेसुरले वाचण्याची संधीही जाते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा छोटा मोफत प्रोग्राम डिस्कने स्वतःच नोंदवलेली माहिती वाचून दाखवतो. त्याची इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्तीही मिळते. तो उघडल्यावर वरच्या बाजूला ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ यांपैकी एक शेरा दिसेल. खालच्या तक्त्यात ‘रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ या दोन ओळी पाहाव्यात. पहिल्या ओळीतला आकडा डिस्कने निकामी ठरवून बदललेल्या जागांचा असतो, तर दुसऱ्या ओळीतला आकडा वाचताना अडचण आलेल्या आणि अजून निर्णय न झालेल्या जागांचा असतो. शेवटच्या रकान्यात दोन्हीकडे नुसती शून्ये असतील तर तूर्त काळजी नाही. ‘कॉशन’ दिसत असेल, तर बाकीची सगळी कामे बाजूला ठेवून फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत, आणि त्यातही जे पुन्हा कधीच मिळणार नाहीत ते सर्वांत आधी घ्यावेत.

यासाठी कोणत्याही खास सॉफ्टवेअरची गरज नाही. ‘पिक्चर्स’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ हे फोल्डर घ्यावेतच, पण लोक हमखास विसरतात ते ‘डेस्कटॉप’ आणि ‘डाउनलोड्स’, कारण महत्त्वाची फाइल तिथेच ठेवून आपण तिला विसरलेलो असतो. कॉपी झाल्यावर दोन्ही ठिकाणच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते पाहावे. नंतर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून निरनिराळ्या फोल्डरमधल्या दहा-बारा फाइली प्रत्यक्ष उघडाव्यात. बॅकअप झाला असे त्यानंतरच म्हणता येते. काम संपले की डिस्क काढून ठेवावी, कारण फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरही हात मारते.

फोटो क्लाउडवर आपोआप जात असल्यामुळे बॅकअपची गरज नाही, असा समज सर्रास आढळतो. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हसारखी क्लाउड सेवा दोन्ही ठिकाणे सारखी ठेवण्याचे काम करते; म्हणजे लॅपटॉपवर चुकून पुसलेला फोल्डर तिथूनही पुसला जातो. वैयक्तिक खात्यात तो ३० दिवस रिसायकल बिनमध्ये राहतो, पण चूक त्यानंतर लक्षात आली तर इलाज उरत नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम घरासाठीही पुरेसा आहे : एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. क्लाउड त्यातली घराबाहेरची प्रत मानावी. पुढे नियमित बॅकअपसाठी ‘फ्रीफाइलसिंक’ वापरावे, असे मी सुचवेन. कॉपी करण्याआधी काय जाणार आहे आणि काय बदलणार आहे, याची पूर्ण यादी ते दाखवते. मात्र त्यात ‘मिरर’ऐवजी ‘अपडेट’ हा पर्याय निवडावा. ‘मिरर’ निवडल्यास लॅपटॉपवरून पुसलेले बाहेरच्या डिस्कवरूनही पुसले जाते.

आता निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. लॅपटॉप सुरू केल्याबरोबर तो उघडून पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांपैकी कोणता भरलेला आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. आपल्या वर्णनावरून मला वाटते, की डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर अडकलेला असेल आणि तरीही ‘परफॉर्मन्स’मध्ये वाचन-लेखनाचा वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी दिसेल. हे दृश्य विसंगत वाटते, पण त्याचे कारण सरळ आहे. लॅपटॉपमधील जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात; शिवाय वाचणारा दांडा योग्य जागी सरकण्यात वेळ जातो तो वेगळाच. त्यामुळे विखुरलेल्या लहान लहान फाइली वाचायच्या असतील, तर ती सेकंदाला शंभरएक मागण्याच पुऱ्या करू शकते. संगणक सुरू होताना विंडोज, अँटिव्हायरस, अपडेट आणि ब्राउझर मिळून हजारो मागण्या एकदम करतात आणि डिस्कचा बहुतेक वेळ इकडून तिकडे सरकण्यातच जातो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नसतो, म्हणून ती याच मागण्या सेकंदाला हजारोंनी पुऱ्या करते.

म्हणूनच डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर एसएसडी बसवण्याइतका परिणामकारक उपाय मला दुसरा माहीत नाही. कोणतेही सॉफ्टवेअर दांड्याचा वेग वाढवू शकत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची हार्ड डिस्कच्या जागी तेवढीच एसएसडी बसते. जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर आणण्यासाठी एसएसडीच्या उत्पादकाचे मोफत सॉफ्टवेअर किंवा ‘क्लोनझिला’ वापरता येते. हे करण्याआधी डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारे विंडोजचे बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का, ते ‘सेटिंग्ज’मध्ये आवर्जून पाहावे. ते चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. यंत्रात बदल झाल्यावर तीच मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही आतले काही मिळत नाही. नवी डिस्क नीट चालू लागली तरी जुनी काही आठवडे हात न लावता जपून ठेवावी.

मेमरीचा रकाना सतत ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, कमी पडते आहे. ४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर आणि दोन अँटिव्हायरस एकत्र नांदणे कठीण आहे. काही लॅपटॉपची रॅम मदरबोर्डवर पक्की जोडलेली असते आणि वाढवता येत नाही, हे खरेदीपूर्वी पाहून घ्यावे. एसएसडी बसल्यावर रॅमची टंचाईही कमी जाणवते, कारण रॅममध्ये न मावणारा भाग विंडोज डिस्कवर ठेवते आणि तिथून तो लवकर परत आणता येतो.

एक लहानशी, पण उपयोगाची गोष्ट इथेच सांगतो. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच काम सुरू होते. याला ‘फास्ट स्टार्टअप’ म्हणतात. त्यामुळे रोज बंद-चालू करूनही ड्रायव्हरमधली (यंत्राचे भाग चालवणाऱ्या प्रोग्राममधली) एखादी बिघडलेली स्थिती दिवसेंदिवस तशीच राहू शकते. सगळे पहिल्यापासून सुरू व्हावे असे वाटत असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे.

यानंतर कमी करण्याचे काम. साफसफाईची तिन्ही सॉफ्टवेअर ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अॅप्स’मधून काढून टाकावीत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आणि प्रोग्राम यांच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, शेकडो ‘त्रुटी’ सापडल्याचे ती सांगतात, परंतु रजिस्ट्रीत लाखो नोंदी असतात आणि त्यांतल्या काहीशे निरुपयोगी नोंदी काढून वेगात काडीचाही फरक पडत नाही. चुकून गरजेची नोंद काढली गेली तर मात्र एखादा प्रोग्राम बंद पडू शकतो. रजिस्ट्री साफ करणाऱ्या साधनांना आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केलेले आहे. अशी साधने निर्धोकच असतात असेही नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या साफसफाईच्या सॉफ्टवेअरच्या ५.३३ या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी मालवेअर (घातक प्रोग्राम) मिसळले होते आणि ती लाखो संगणकांवर पोहोचली होती. तात्पुरत्या फाइली काढायच्या असतील तर विंडोजमधले ‘स्टोरेज सेन्स’ पुरेसे आहे. जागा नेमकी कोणी खाल्ली आहे हे पाहायचे असेल तर ‘विझट्री’ चालवावे; फोल्डर आकारानुसार लावून ते काही सेकंदांत सगळे चित्र समोर ठेवते.

दोन्ही अँटिव्हायरसही काढावेत. दोघे मिळून प्रत्येक फाइल दोनदा तपासतात आणि हळू डिस्कवर त्याचाच सर्वाधिक भार पडतो. ते निघाले की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप जागा होतो, आणि सावधपणे वापरल्या जाणाऱ्या घरच्या संगणकासाठी तो पुरेसा आहे, असे माझे ठाम मत आहे. मग टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ भागात जाऊन जे सुरुवातीलाच चालू होण्याची गरज नाही ते ‘डिसेबल’ करावे. यामुळे प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपण बोलावल्याशिवाय येत नाही. ज्याचे नाव ओळखीचे नाही, ते आधी शोधून पाहावे.

कोपऱ्यातल्या व्हायरसच्या सूचनांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांना घाबरूनच आपण दुसरा अँटिव्हायरस घेतला असावा. अशी सूचना पुन्हा आली की तिच्यातली बारीक अक्षरे वाचावीत. तिथे ब्राउझरचे नाव आणि एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता दिसला, तर ती सूचना अँटिव्हायरसची नाही. कधीतरी एखादे पान उघडताना ‘अलाउ’ या बटणावर क्लिक झालेले असते आणि तेव्हापासून त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळालेली असते. व्हायरस सापडल्याचा मजकूर म्हणजे निव्वळ जाहिरात किंवा सापळा. ब्राउझरच्या ‘सेटिंग्ज’मधल्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन्स’ लिहावे, परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादी उघडावी आणि ओळखीचे नसलेले प्रत्येक नाव काढून टाकावे. तोपर्यंत त्या सूचनांवर क्लिक करू नये, त्यातल्या क्रमांकावर फोन करू नये आणि कोणाच्याही सांगण्यावरून दूरवरून संगणक हाताळू देणारे सॉफ्टवेअर बसवू नये. हा उपाय पाच मिनिटांचा आहे आणि घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावरही तो अवश्य करून द्यावा.

हे सगळे झाल्यावर आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. झिप फाइलींसाठी ‘सेव्हन-झिप’, व्हिडिओसाठी ‘व्हीएलसी’, कागदपत्रे आणि तक्त्यांसाठी ‘लिबरऑफिस’, पीडीएफ वाचण्यासाठी हलके ‘सुमात्रा पीडीएफ’ आणि फाइल शोधण्यासाठी ‘एव्हरीथिंग’ एवढ्यावर घरची बहुतेक कामे होतात. ही सर्व मोफत आहेत. पासवर्डसाठी ‘बिटवॉर्डन’ घ्यावे. सगळे स्वतःच्याच डिस्कवर ठेवायचे असेल तर ‘कीपास’ घ्यावे आणि त्याच्या फाइलचा बॅकअप चुकवू नये. जाहिराती अडवण्यासाठी ‘यूब्लॉक ओरिजिन’ उत्तम आहे. फायरफॉक्सवर ते पूर्ण स्वरूपात चालते, तर क्रोमवर आता त्याची ‘लाइट’ आवृत्ती वापरावी लागते. यांपैकी कोणतेही सॉफ्टवेअर शोधताना निकालांच्या वरच्या भागात ‘जाहिरात’ असे लिहिलेला दुवा टाळून निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे, आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक पडद्यावर आधीच टिक केलेले जोडसामान आहे का ते पाहावे. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्यायही चालू करावा. तो बंद असताना ‘पावती.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल साध्या पीडीएफसारखी दिसते.

शेवटचा मुद्दा विंडोज १० चा. त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठीची वाढीव सुरक्षा अपडेट मिळवायला वेगळी नोंदणी करावी लागते आणि तो मार्गही कायमचा नाही. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. सहा-सात वर्षांपूर्वीचे काही लॅपटॉप यात बसतात, काही बसत नाहीत. मायक्रोसॉफ्टचे ‘पीसी हेल्थ चेक’ हे साधन याचे नेमके उत्तर देते. लॅपटॉप बसत नसेल, तर अटी चुकवून विंडोज ११ घालण्यापेक्षा ‘लिनक्स मिंट’ ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तसे करताना डिस्कवरचे काहीही बदलत नाही, आणि वायफाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, हे आधीच कळते.

क्रिस्टलडिस्कइन्फोमधला शेरा, डिस्कचा प्रकार, रॅम किती आहे आणि सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी टास्क मॅनेजरमध्ये दिसणारे तिन्ही आकडे इथे लिहावेत. एसएसडी घ्यावी की नुसती रॅम वाढवून भागेल, हे त्यावरून नेमके सांगता येईल.