मास्तर, दोन शब्द कायले?

वाचकांचे इंग्रजीचे प्रश्न, निवृत्त मास्तरांची उत्तरं

प्रश्न : सर, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सराव पेपरात 'लागवडीचा खर्च' याला मी 'प्राइस ऑफ कल्टिव्हेशन' लिहिलं, ते चूक निघालं. डिक्शनरीत प्राइसलाही किंमत आणि कॉस्टलाही किंमतच दिली आहे. बाबा म्हणतात, "एकाच गोष्टीले दोन शब्द कायले?"
— एक विद्यार्थिनी, ता. राळेगाव

उत्तर : बाबांना सांग, हा फरक त्यांना माझ्याहून चांगला कळतो. ते दोन वेगळे प्रश्न रोज विचारतात. दुकानात उभे असताना विचारतात, "केवढ्याचं आहे?" आणि शेजारी काही घेऊन आला की विचारतात, "केवढ्याले पडलं?" पहिल्याचं उत्तर प्राइस, दुसऱ्याचं कॉस्ट.

बीजी-2 या बीटी कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाला 2025 च्या खरिपात कमाल 901 रुपये ठरलेले होते. विकणारा मागतो तो आकडा म्हणजे प्राइस. एमआरपीतला 'पी' तोच. बाबांनी पैसे मोजून पाकीट पिशवीत टाकलं की तोच आकडा त्यांच्या वहीत कॉस्ट होऊन बसतो. आता समज, गावात हवं ते वाण नव्हतं, म्हणून तालुक्याला जावं लागलं आणि ऑटोत जाऊन-येऊन साठ रुपये गेले. पाकिटाची प्राइस 901 च राहिली, बाबांना ते पडलं 961 ला. दुकानदाराला त्या साठ रुपयांशी काही घेणं नाही, म्हणून ते प्राइसमध्ये येत नाहीत.

व्हॅल्यूचं तू विचारलं नाहीस, पण पुढच्या पेपरात तेच येईल. मृगाच्या सरी पडल्यावर ज्या पाकिटासाठी रांग लागते, तेच ऑगस्टात कपाटात उरलं तर छापलेली प्राइस बदलत नाही. व्हॅल्यू मात्र गेली, कारण ते आता पेरून उपयोग नाही.

दिल्लीत हमीभावाची शिफारस करणारा आयोग 1965 साली झाला, तेव्हा त्याच्या इंग्रजी नावात फक्त 'प्राइसेस' होतं. 1985 मध्ये नाव बदलून 'कॉस्ट्स अँड प्राइसेस' केलं. म्हणजे भाव काढताना खर्चही बघतो, हे पाटीवर यायला वीस वर्षं लागली. आपण मराठीत अजूनही 'कृषिमूल्य आयोग' म्हणतो आणि खर्च गाळून टाकतो! 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला 5140 रुपये धरला आणि त्याच्या दीडपट, 7710 रुपये हमीभाव आला. त्या खर्चात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी येते, स्वतःच्या जमिनीचं भाडं येत नाही. तुझ्या बाबांचा आकडा याहून मोठा निघेल. ते भांडण या सदरात मावणारं नाही, पण तुझ्या पेपरातली रिकामी जागा याच भांडणाची आहे. तिथं कॉस्टच हवं.

जाता जाता एक. 'द प्राइस इज कॉस्टली' लिहू नकोस. तीस वर्षं मी ते लाल पेनानं खोडलं. आपण 'कापूस महाग झाला' म्हणतो आणि 'भाव चढला' म्हणतो, 'भाव महाग झाला' म्हणत नाही. इंग्रजीतही वस्तू कॉस्टली आणि प्राइस हाय.

प्रश्न : आमच्या बचत गटाचे कागद इंग्रजीत असतात. लेंड आणि बॉरो यात देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मला दर वेळी विसरायला होते.
— गटाच्या सचिव, ता. समुद्रपूर

उत्तर : ताई, लाजू नका, मी तर मास्तर असून घसरलो. नवानवा नोकरीला लागलो होतो. शेजारच्या काकाजींना विहिरीवर मोटर बसवायची होती, दहा हजारांचं कर्ज हवं होतं. अर्ज मराठीत चालला असता, पण मला इंग्रजीची खुमखुमी. मी लिहून दिलं, 'आय वॉन्ट टू लेंड टेन थाउजंड रुपीज.' बँकेतल्या साहेबांनी अर्ज वाचला, काकाजींच्या धोतराकडं पाहिलं आणि विचारलं, "काकाजी, बँकेले कर्ज देता का? व्याज किती लावसान?" त्यानंतर काकाजी मला दोन वर्षं 'सावकार' म्हणून हाक मारत होते.

त्या हाकेतच तुमचं उत्तर आहे. सावकाराला इंग्रजीत मनीलेंडर म्हणतात. राज्याच्या 2014 च्या सावकारी कायद्याच्या इंग्रजी नावातही 'मनी-लेंडिंग' आहे. लेंड म्हणजे देणं. कर्जाच्या कागदावर तुमची सही जिथं घेतात तिथं 'बॉरोअर' छापलेलं असतं. बॉरो म्हणजे घेणं. पण ताई, गटाच्या कागदात तुम्ही दोन्हीकडं असता. गट बँकेकडून घेतो तेव्हा तो बॉरोअर, आणि तोच पैसा बाईला शेळीसाठी देतो तेव्हा लेंडर. गोंधळ तुमच्या डोक्यात नाही, तुमच्या कामातच आहे. दर ओळीला एवढंच बघा, पैसा कोणाच्या हातातून निघाला.

प्रश्न : सी, लुक, वॉच तिन्हीचा अर्थ पाहणे. मग कोणता कुठे वापरायचा? — इयत्ता दहावी, ता. झरी-जामणी

उत्तर : बाबू, तू जागलीला गेला असशीलच. रात्री मळ्यात माळ्यावर बसून डुकरं आणि रोही (नीलगाई) येऊ नयेत म्हणून तुरीवर नजर ठेवायची, ते वॉच. वॉचमन करतो तेच. जे हलेल, बदलेल, त्याच्यावर डोळा ठेवून राहायचं. म्हणून क्रिकेटची मॅचही वॉच करतात.

मग धुऱ्याकडं, म्हणजे बांधाकडं, खसखस होते. तू बॅटरी मारून मुद्दाम तिकडं पाहतोस, ते लुक, आणि कशाकडं ते सांगायचं असेल तर पुढं 'अ‍ॅट' लावायचा. काहीच दिसत नाही. 'आय लुक्ड, बट आय डिड नॉट सी एनिथिंग.' पाहिलं, पण दिसलं नाही. मराठीत पाहणे आणि दिसणे हे दोन शब्द पहिल्यापासून आहेत, तू फक्त लुकला पाहणे आणि सीला दिसणे चिकटव. सकाळी तुरीची एक अख्खी ओळ आडवी झालेली दिसते, तेव्हाही सी. ते बघायला काही ठरवावं लागत नाही.

'सी अ डॉक्टर' वगैरे प्रकार पुढं येतील. दहावीपुरतं एवढं पुरे.

प्रश्न : शेड आणि शॅडो, दोन्ही सावलीच ना? — ता. मूल

उत्तर : उन्हापासून आडोसा मिळतो ती जागा म्हणजे शेड, म्हणून रोपवाटिकेवर आपण शेडनेट लावतो. शॅडो म्हणजे जमिनीवर पडलेला आकार. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपल्याकडं शून्य सावली दिवस येतो. सूर्य अगदी डोक्यावर आला की विजेच्या खांबाची शॅडो नाहीशी होते. कडुनिंबाखाली शेड तेव्हाही असते, बाज हलवायची गरज नाही.