ताई, कोल्हापूरची सीट सोडू नका

ताई, तुमचा मेल नीट वाचला. लेकीला कॅप राउंडमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, शिवाजी विद्यापीठाच्या कॅम्पसवरच्या टेक्नॉलॉजी डिपार्टमेंटला ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) मिळतंय, आणि पुण्यातलं एक खाजगी विद्यापीठ कॉम्प्युटर देतंय, तिथे सीट बुकिंगचे ५० हजार भरूनही झालेत. दोघांचं मिळून उत्पन्न ७ लाख २० हजार, एफडी ६ लाखांची, सांगलीत राहतं घर, धाकटा आठवीत. आणि तुम्ही लिहिलंय, "पैशापायी पोरीला अडवलं असं नको व्हायला." ही काळजी अगदी खरी आहे, तरी आकडे मांडल्यावर मी कोल्हापूरच सांगेन, आणि ठामपणे सांगेन.

आधी पुणे बघू. वर्षाला ट्यूशन फी ३ लाख ८० हजार, हॉस्टेल-मेस १ लाख ६० हजार, म्हणजे चार वर्षांत २१ लाख ६० हजार, तेही फी वाढलीच नाही तर. तुमचा प्लॅन एफडी अख्खी मोडायची आणि १५ लाख लोन काढायचं असा आहे. १० टक्के व्याज धरा, दरवर्षी पावणेचार लाख उचलले, कोर्स आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो पण व्याज चालूच राहतं, नुसतं साधं व्याज धरलं तरी ते सव्वापाच लाख होतं. म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या दिवशी डोक्यावर सव्वावीस लाख, आणि दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला जवळपास २६,७५० रुपये. मोठ्या आयटी कंपन्या फ्रेशर्सना बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच पॅकेज देतायत, त्यात हातात येतात २५-२६ हजार. पोरीचा सगळा पगार हप्त्यात जाणार आणि तिचं खोलीभाडं, जेवणखाण तुम्ही पाठवणार, असं दहा वर्षं चालवायचंय का?

शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, तुमच्याकडे तारण म्हणजे राहतं घरच. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शिक्षणकर्ज योजनेत विनातारण मिळतं, पण फक्त यादीतल्या संस्थांना, तेवढं पोर्टलवर बघून घ्या. आणि कौन्सिलरने ८०ई मध्ये, म्हणजे शिक्षणकर्जाच्या व्याजावरच्या सवलतीत, टॅक्स वाचेल सांगितलं ते तुमच्या कामाचं नाही, ती सूट जुन्या रेजिममध्ये आहे आणि नव्या रेजिममध्ये तुमच्या उत्पन्नावर टॅक्सच लागत नाही.

आता कोल्हापूर. जुलै २०२४ च्या जीआरनुसार ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास), ओबीसी मुलींना कॅपमधून प्रोफेशनल कोर्सला ॲडमिशन घेतली की ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तुमच्याकडे ईडब्ल्यूएस सर्टिफिकेट आहेच. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना किंवा मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही, हे तुम्हाला पुण्यात कुणी सांगितलेलं दिसत नाही आणि मला याचाच राग येतो. बाकीची किरकोळ फी, हॉस्टेल, मेस, पुस्तकं मिळून तुमच्याच अंदाजाने वर्षाला ९० हजार, चार वर्षांचे ३ लाख ६० हजार. फरक १८ लाखांचा.

राहिला ब्रँचचा प्रश्न, तो मी हलक्यात घेत नाहीये, कारण लेकीला कोडिंगच करायचंय. पण ईअँडटीसीची मुलं सॉफ्टवेअरमध्ये सर्रास जातात, बऱ्याच कंपन्या कॅम्पसला सगळ्या ब्रँचना बसू देतात. तिला पहिल्या वर्षापासून प्रोग्रॅमिंगचा वेगळा कोर्स लावा, बरा लॅपटॉप घ्या, लाखभर खर्च झाला तरी चालेल. दुसऱ्या वर्षाला ब्रँच बदलता येते का तेही डिपार्टमेंटला विचारा, मात्र त्यावर भिस्त नको. पुण्याच्या बाजूने माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. त्यांना गेल्या वर्षीच्या कॉम्प्युटरच्या बॅचचं मधलं पॅकेज लेखी मागा, म्हणजे ज्याच्या वर निम्मी मुलं आणि खाली निम्मी, आणि किती जणांना नोकरीच लागली नाही तेही. हायेस्ट पॅकेजचा फ्लेक्स नको. मधला आकडा ९-१० लाख निघाला तर परत लिहा, आपण पुन्हा बसू.

तोवर कॅपचं रिपोर्टिंग तारखेच्या आत करून टाका, नाहीतर सीट जाईल. फी माफीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर फॉर्म दरवर्षी भरावा लागतो, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा. ते ५० हजार गेले असं समजून पुण्याला जाऊ नका, यूजीसीने ठरवलेल्या तारखेच्या आत ॲडमिशन कॅन्सल केली तर फी परत द्यावी लागते, मेलवर लेखी अर्ज करा आणि पोच ठेवा. आणि एफडी एकदम मोडू नका, दरवर्षीच्या खर्चापुरते तुकडे करून ठेवा, लाखभर धाकट्याच्या नावाने बाजूला राहू दे.