एखाद्या मोठ्या उत्पादक कंपनीकडे आयएसओ १४००१ असेल तर तिचा 'पर्यावरणपूरक' असल्याचा दावा खरा मानावा का?

नाही, तेवढ्यावरून मानू नका. कंपनीच्या शाश्वतता अहवालातला उत्सर्जनाचा तक्ता पाहा. १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापन पद्धतीचं प्रमाणपत्र आहे. धोरण, उद्दिष्टं, कायदेपालन, अंतर्गत तपासणी यांची घडी बसली आहे का हे त्यात बघतात. चिमणीतून किती काय सोडायचं याची मर्यादा ते घालत नाही. त्यावरची व्याप्तीही वाचा, कारण प्रमाणपत्र एकाच कारखान्यापुरतंही असू शकतं.

तक्त्यात बघायचं ते असं:

- उत्सर्जन तीन गटांत म्हणजे स्कोपमध्ये मांडतात. स्कोप १ म्हणजे स्वतःच्या भट्ट्या, बॉयलर, वाहनं. स्कोप २ विकतची वीज आणि वाफ. स्कोप ३ पुरवठादार, वाहतूक, विकलेल्या मालाचा वापर. पेट्रोल-डिझेल गाड्या बनवणाऱ्यांचं बहुतेक उत्सर्जन स्कोप ३ मध्येच असतं, त्यामुळे 'आमचे कारखाने कार्बन न्यूट्रल' या वाक्यात मुख्य भाग सोयीस्करपणे बाहेर राहतो.
- घट एकूण टनांत की प्रति नग? प्रति नग २० टक्के घटलं आणि उत्पादन ५० टक्के वाढलं, तर एकूण उत्सर्जन २० टक्क्यांनी वाढलेलंच असतं.
- स्कोप २ चे दोन्ही आकडे: बाजाराधारित म्हणजे कंपनीने केलेल्या वीज करारांनुसार मोजलेला, स्थानाधारित म्हणजे त्या भागातल्या ग्रीडच्या सरासरीनुसार मोजलेला. बाजाराधारित शून्य आणि स्थानाधारित जिथल्या तिथे, तर वीजवापर फारसा घटलेला नाही, फक्त हरित विजेचे करार किंवा प्रमाणपत्रं घेतली आहेत.

मात्र मधल्या काळात एखादा मोठा विभाग विकला किंवा विकत घेतला असेल, तर आधारवर्षाचा (ज्या वर्षाशी तुलना करतात त्याचा) आकडा नव्याने मोजल्याशिवाय ही तुलना लागू पडत नाही.