पेशंट परत ॲडमिट झाला, म्हणजे माझं चुकलं का?

कार्डियाक वॉर्डातल्या नर्सेस माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा बहुतेकींची तक्रार एकच असते, "मॅडम, एवढं समजावून घरी पाठवते तरी तोच पेशंट पाय सुजवून, धापा टाकत परत येतो, मग माझ्या कामाचा उपयोग काय?" त्यात या पेशंटना असतं ते हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाला रक्त पुरेसं पंप करता न येणं, हा मुळात कठीण आजार. त्रिवेंद्रममध्ये अशा पेशंटची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रीत ॲडमिट झालेल्यांपैकी साधारण ३१ टक्के पेशंट वर्षभरात गेले.

अशीच एक तिशीतली सिस्टर (ओळख पटेल असे तपशील बदललेत). झोप उडालेली, घरी चिडचिड, आणि एक काका पुन्हा ॲडमिट झाले तेव्हा ती त्यांच्यावर सगळ्यांसमोर ओरडली होती.

"ते परत यायलाच नको होते," ती म्हणाली.

"येऊ नयेत असं तुला वाटतं ते बरोबरच आहे गं, पण यायलाच नकोत हा हट्ट कुणाशी धरतेस? आजाराशी?"

"मग काय, जाऊ दे म्हणून सोडून देऊ?"

हे मला सगळ्याच विचारतात, हट्ट सोडला की काळजीही संपेल अशी भीती असते. मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ वाटेने काम करते, म्हणजे 'असं व्हायलाच हवं' हा हट्ट तपासून सोडायला शिकवते, आणि माझा अनुभव उलटा आहे, हट्ट सुटल्यावर काळजी नीट घेता येते.

तिला म्हटलं, काका परत का आले त्याची सगळी कारणं लिही. तिने भराभर लिहिली, हृदयच कमजोर, लोणचं-पापड, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली पेनकिलर, पैसे नसले की बंद होणारी औषधं, पाण्याची गोळी (अंगात साठून वजन वाढवणारं पाणी लघवीवाटे काढणारी) चुकवणं.

"यातलं तुझ्या हातात काय?"

बराच वेळ ती कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "मॅडम, गोळी का चुकवतात हे मला माहीतच नाही. मी फक्त सांगत आले, विचारलं कधीच नाही."

तिथे मला जे दिसलं ते नंतर बऱ्याच जणींच्या उपयोगी पडलं. मनात अपराधीपणा असला की माणूस प्रश्न विचारत नाही, उत्तर आपल्याच विरोधात जाईल असं वाटतं. ती काकांना "गोळी घेता ना?" असं विचारायची, आणि त्याला काका "हो" सोडून दुसरं काय म्हणणार?

पुढच्या वेळी तिने विचारलं, "काका, गोळी कुठल्या दिवशी नकोशी वाटते?" काका म्हणाले, "सिस्टर, एसटीने तालुक्याला जायचं असतं, वाटेत लघवीला कुठं उतरू?" डॉक्टरांशी बोलून तिने प्रवासाच्या दिवशीची वेळ बदलून घेतली. काका त्यानंतरही ॲडमिट झाले, पण वजन वाढलेलं दिसताच आले, स्वतः चालत, आणि हे सांगताना ती रडली नाही.

माझ्या सगळ्या सिस्टर मैत्रिणींना सांगणं आहे, डिस्चार्जच्या वेळी वीस सूचना एका दमात देऊ नका. दोनच द्या आणि पेशंटकडून त्याच्या शब्दांत परत वदवून घ्या, घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती समोर असली तर फारच बरं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, एकाच काट्यावर वजन, आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर त्याच दिवशी फोन, एवढं पक्कं झालं तरी खूप. एकीवर खूप पेशंट असतील तर तो दोष स्वतःकडे घेऊ नका, सगळ्याजणी मिळून मेट्रनना लेखी द्या. आणि दोनेक आठवडे झोप लागत नसेल, ड्युटीच्या विचारानेच रडू येत असेल, तर तेव्हाच कुणाशी तरी बोला, रजा मिळायची वाट बघू नका.