शूबर्ट आणि हिब्रू स्तोत्र

प्रश्न : शूबर्टने ज्यूंच्या प्रार्थनेला चाल दिली होती, हे खरं का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : अगदी खरं. १८२८ साली, मृत्यूच्या काही महिने आधी, या ऑस्ट्रियन संगीतकाराने हिब्रू बायबलमधलं ९२वं स्तोत्र मूळ हिब्रूतच स्वरबद्ध केलं, व्हिएन्नाच्या झालोमोन झुल्त्सर यांच्यासाठी. ते १८२६पासून तिथल्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, कँटर होते, प्रार्थना गाऊन चालवणारे. स्वतः संगीतकारही, त्यांच्या प्रार्थनासंगीताचा ‘शिर झिऑन’ हा संग्रह दोन भागांत निघाला. प्रसिद्ध पियानोवादक-संगीतकार फ्रान्झ लिस्टसुद्धा त्यांचं गाणं ऐकून भारावला होता! या स्तोत्रात वाद्य एकही नाही, नुसते आवाज. फोंड्यात मी भजन शिकवते. मुख्य गायकाला कोरसने कसं उचलून धरावं, हे दाखवायला मुलांना मी हेच ऐकवते. तुम्हीही ऐकाच, आणि मधल्या एकल गायनाकडे नीट कान द्या.